औषधांची देयके : योजना दोन, भरपाई एकदाच

घरातील ज्येष्ठांना एकाहून अधिक आरोग्ययोजनांचा लाभ असल्यास औषधाचे देयक कोणाकडे सादर करावे, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर औषध केव्हा व कोणत्या उपचारासाठी दिले गेले, यावर अवलंबून असते.

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, खुली झाली. कुटुंबामागे प्रतिवर्षी ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार तीत अंतर्भूत आहेत. संलग्न रुग्णालयातील उपचाराच्या दरातच भरतीपूर्वीच्या ३ व घरी परतल्यानंतरच्या १५ दिवसांची त्या आजाराची औषधे समाविष्ट असतात. त्यांचे पैसे वेगळे मागितल्यास १४५५५ या क्रमांकावर तक्रार करावी. मधुमेह वा रक्तदाबाच्या नित्याच्या गोळ्या मात्र या योजनेत बसत नाहीत.

केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या (सीजीएचएस) लाभार्थ्यांना या दोहोंपैकी एकच योजना निवडावी लागते. सीजीएचएसच्या दवाखान्यातून नित्याची औषधेही मिळतात; म्हणून ती सोडण्यापूर्वी आपल्या वर्षभराच्या औषधखर्चाचा हिशेब अवश्य मांडावा. कर्मचारी राज्य विमा किंवा खासगी विमा असणाऱ्यांना दोन्ही लाभ ठेवता येतात. तथापि एकाच देयकाची भरपाई दोन ठिकाणी मागता येत नाही.

यास्तव कोणती योजना वापरणार, हे भरतीच्या वेळीच रुग्णालयास सांगावे आणि डॉक्टरांची चिठ्ठी, देयके व डिस्चार्ज कार्ड एकत्र जपून ठेवावे.