फोनवर दिसणारा नंबर

फोन वाजला. पडद्यावर बँकेचा नंबर दिसला. मग बोलणारा माणूस बँकेचाच असेल ना? तसे धरून चालता येत नाही. का, ते या पाठात पाहू.

आधी टपालाचा विचार करू. पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचा पत्ता असतो. तो पाठवणाराच लिहितो. मुंबईत बसून कोणी ‘मुक्काम मंचर, तालुका आंबेगाव’ असे लिहिले, तर त्याचा हात कोण धरणार? पण पाकिटावर पोस्टाचा शिक्काही असतो. पाकीट कुठे टाकले, ते शिक्का सांगतो. पत्ता पाठवणारा लिहितो, शिक्का पोस्ट मारते.

जुन्या तारेच्या फोनचा नंबर शिक्क्यासारखा असे. जुन्नरच्या घरातली तार टेलिफोनच्या कचेरीत जाई. फोन कोणत्या तारेवरून आला, हे तिथल्या यंत्राला कळे. तेच यंत्र नंबर पुढे कळवी. घरच्या माणसाला तो बदलता येत नसे.

इंटरनेटवरून केलेल्या फोनची तऱ्हा वेगळी आहे. तिथे आवाजाचे बारीक तुकडे होतात. ते एकामागून एक धाडले जातात आणि पोचल्यावर पुन्हा जुळतात. हा फोन कोणत्या नंबराचा, हे पाठवणाऱ्याच्या बाजूचे यंत्रच लिहिते. मधल्या कंपनीने ते तपासले तर ठीक. न तपासता पुढे ढकलले, तर लबाड माणूस तिथे कोणाचाही नंबर लिहू शकतो. म्हणजे हा नंबर पाकिटामागच्या पत्त्यासारखा झाला.

असे पुष्कळ फोन परदेशातून येत. नंबर मात्र भारताचा दिसे. पत्ता मंचरचा आणि शिक्का परमुलखाचा! ते अडवण्यासाठी दूरसंचार खात्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये यंत्रणा सुरू केली. पहिल्या २४ तासांतच सुमारे १ कोटी ३५ लाख फोन अडवले, असे सरकारने जाहीर केले. तरी आपण गाफील राहू नये. लबाड लोक नव्या वाटा शोधतात.

व्हॉट्सॲपवर तर फोटो कोणाचाही लावता येतो. पोलिसाचा फोटो दिसला, म्हणून तो पोलीस ठरत नाही. ‘तुम्हाला फोनवरच अटक केली आहे’ असे कोणी धमकावले, तर घाबरू नये. अशी अटक कायद्यात नाही.

नारायणगावच्या बाजारात टोमॅटो विकले, की त्याचे पैसे पुष्कळांच्या खात्यात जमा होतात. चार महिन्यांचा घाम एका फोनाने जाऊ नये. म्हणून काय करावे?

पैशाची गोष्ट निघाली, की फोन ठेवून द्यावा. बँकेचा नंबर शाखेत जाऊन आधीच वहीत लिहून घ्यावा. त्या नंबराला आपण स्वतः फोन लावावा. लबाडाला दुसऱ्याचा नंबर लिहिता येतो. पण त्या नंबराला आपण लावलेला फोन लबाडाकडे जात नाही, खऱ्या मालकाकडे जातो. मुलाच्या नंबरावरून कोणी परका म्हणाला, ‘अपघात झालाय, पैसे पाठवा,’ तरी हेच करावे. आधी मुलाला फोन लावावा.

ज्याचा नंबर दिसला, त्याला एकदम शिव्या देऊ नयेत. तो बिचारा कदाचित काहीच जाणत नसेल.

बँकेकडून फोनवर आलेला गुप्त आकडा कोणालाही सांगू नये. पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० या नंबराला कळवावे. लाज धरून गप्प बसू नये. लवकर कळवले, तर पुढच्या खात्यात गेलेले पैसे रोखता येण्याचा संभव असतो. उशीर झाला, की ते हातोहात पांगतात.

आपण वाचायला शिकलो. आता नंबर वाचावा, पण तेवढ्यावर विश्वास टाकू नये.

सांगा पाहू :
१. पाकिटावरचा पत्ता कोण लिहितो? शिक्का कोण मारते?
२. आपणच फोन लावला, तर तो लबाडाकडे का जात नाही?
३. तुमच्या बँकेच्या शाखेचा नंबर वहीत लिहा.