गोऱ्हा केव्हा बडवावा, कसा बडवावा

कामरगावच्या शेतकऱ्याला बैलाची किंमत सांगायला नको. वखर, तिफण, डवरा, बंडी, साऱ्यांना बैल लागतो. ट्रॅक्टर आले, तरी उभ्या कपाशीत डवरा ओढायला पुष्कळांना बैलच बरा वाटतो.

पण गाय काही बैल देत नाही. गाय देते गोऱ्हा. त्याचा बैल करावा लागतो. न बडवलेला गोऱ्हा वयात आला की गाईमागे धावतो, दुसऱ्या जनावराशी झुंजतो, जुवाखाली सरळ चालत नाही. बडवला की निवळतो.

पूर्वी हे काम कसे करीत? गोऱ्ह्याला दोराने पाडत. चारही पाय बांधत. अंडाच्या वरची नस दोन काठ्यांत धरून ठेचत. वर हळद-तेल लावले की झाले! जनावर किती हंबरडा फोडी, ते म्हाताऱ्या माणसांना विचारा.

मी लहान होतो, तेव्हाची गोष्ट. १९७० च्या सुमारास आपला भाग अकोला जिल्ह्यात होता. वाशीम जिल्हा १९९८ साली झाला. आमच्या शेजाऱ्यांनी एक तांबडा गोऱ्हा असाच बडवून घेतला. कातडी फुटली. जखमेवर माश्या बसल्या, किडे पडले. पंधरा दिवसांनी त्याचा जबडा आवळला. पाय लाकडासारखे ताठ झाले. तो धनुर्वात होता. गोऱ्हा गेला. जोडीचा दुसरा एकटा राहिला. एका बैलावर पेरणी होते का? त्या वर्षी त्यांनी दुसऱ्याची जोडी मागून पेरले, तेही सगळ्यांचे झाल्यावर.

आता यासाठी चिमटा आहे. इटली देशातल्या बर्डिझो नावाच्या पशुवैद्याने तो काढला. त्याने कातडी कापत नाही. आतली नस तेवढी चेचते. अंडाला रक्त पोचत नाही आणि ते हळूहळू सुकते. उघडी जखम नाही, म्हणून किड्यांची भीती फार कमी.

पण चिमटा विकत आणून घरीच दाबू नका. डावी व उजवी नस वेगवेगळी धरावी लागते, आणि तीही थोडी खाली-वर. सगळी पिशवी एकदम दाबली तर पिशवीचेच रक्त बंद होते आणि ती सडते. शिवाय चिमट्यानेही दुखते, बरे का! म्हणून आधी भूल द्यावी लागते. जनावरांच्या छळाविरुद्ध १९६० सालचा कायदा आहे. त्यात खच्चीकरणाला मोकळीक आहे, पण ठरवून दिलेल्या रीतीनेच. तेव्हा जनावरांच्या दवाखान्यात जावे. धनुर्वाताच्या सुईचेही तिथेच विचारावे.

बोकड आणि डुक्कर यांचे कारण निराळे. वयात आलेल्या नराच्या मटणाला उग्र वास येतो. म्हणून डुकराची पिल्ले काही आठवड्यांची असतानाच खच्ची करतात.

आता केव्हा बडवावा? कामाचा गोऱ्हा लोक दोन दाती होईपर्यंत ठेवतात. तोवर मान भरते, वशिंड चढते. ठेवा, पण बांधून ठेवा. आपल्याकडे उलटेच होते. चांगला गोऱ्हा बैल करायला बडवतात आणि मरतुकडा गावभर मोकळा फिरतो. गाईंना तोच लागतो. मग पुढची वासरे कशी निपजणार? माझे मत विचाराल, तर मरतुकडा गोऱ्हा वर्षाचा व्हायच्या आत बडवावा. गाय माजावर आली की चांगल्या वळूकडे न्यावी, नाहीतर दवाखान्यात भरवावी.

बडवल्यावर दोन-चार दिवस सूज राहते. गोठा कोरडा ठेवा. आठ दिवस जुवाला लावू नका. दीड-दोन महिने गाईंपासून दूर बांधा, कारण आत राहिलेल्या बीजाने गाय गाभण राहू शकते. मग हात लावून पाहा. अंड लहान व घट्ट लागले तर काम झाले. एखादे पहिल्यासारखेच भरीव लागले, तर त्या बाजूची नस निसटली आहे. गोऱ्हा पुन्हा दवाखान्यात न्यावा.