स्मृतीचा हिशेब

पोलादाच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध असलेले भिलाई हे छत्तीसगडमधील शहर आहे. तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. कारखान्याबरोबर वाढलेल्या या शहरात अनेक प्रांतांतून माणसे कामासाठी आली. अशा गावी नव्याने आलेल्या तीन सहकाऱ्यांनी मिळून एक खोली भाड्याने घेतली, असे समजू. भाडे ३००० रुपये. तिघांपैकी कोणालाही विचारले, तर ‘माझ्या खोलीचे भाडे तीन हजार’ असेच उत्तर मिळेल. प्रत्येकाचे उत्तर खरे. परंतु त्यांची बेरीज करून घरमालकाला ९००० रुपये मिळतात असे म्हटले, तर हिशेब चुकतो. संगणकाची स्मृती मोजतानाही हीच चूक होते.

संगणकातील डिस्क हे कपाट मानले, तर रॅम ही कार्यकारी स्मृती म्हणजे कामाचे टेबल होय. प्रोग्रॅम सुरू केला, की त्याला लागणारा मजकूर या टेबलावर येतो. त्याचे लहान लहान समान भाग पाडलेले असतात. त्यांना ‘पाने’ म्हणतात. पुष्कळ संगणकांत एक पान ४०९६ बाइटांचे असते. कोणत्या प्रोग्रॅमची किती पाने स्मृतीत आहेत, हे मोजता येते.

अडचण पुढेच आहे. पडद्यावर अक्षरे उमटवणे, छपाई करणे ही कामे अनेक प्रोग्रॅमना लागतात. त्यासाठीचा सामायिक भाग स्मृतीत एकदाच ठेवला जातो आणि सर्वजण तो वापरतात.

समजा, अर्ज भरून देणाऱ्या एका लहान दुकानातील संगणकावर तीन प्रोग्रॅम चालू आहेत. प्रत्येकाचा स्वतःचा भाग ४० मेगाबाइट आणि तिघांचा सामायिक भाग ६० मेगाबाइट आहे. सामायिक भाग धरून मोजल्यास प्रत्येकापुढे १०० हा आकडा दिसेल, बेरीज ३००. प्रत्यक्षात मात्र १२० अधिक ६०, म्हणजे १८० मेगाबाइटच स्मृती व्यापलेली आहे. बेरजेवर विसंबून दुकानदाराने नवी रॅम विकत घेतली, तर कष्टाचे पैसे विनाकारण खर्च होतील.

यावर उपाय म्हणजे सामायिक भाग वापरणाऱ्यांत वाटून देणे. ६० मेगाबाइटचे तीन हिस्से केले, की प्रत्येकाच्या नावावर ४० अधिक २०, म्हणजे ६० मेगाबाइट येतात आणि बेरीज बरोबर १८० होते. लिनक्स प्रणालीत २००८ पासून असा हिश्श्याने काढलेला आकडा मिळतो. अँड्रॉइड फोनमध्येही ही पद्धत वापरली जाते.

तथापि हा आकडाही सर्व प्रश्नांचे उत्तर देत नाही. तिघांपैकी एक प्रोग्रॅम बंद केला, तर ६० नव्हे, केवळ ४० मेगाबाइट मोकळे होतात. कारण सामायिक भाग उरलेल्या दोघांना हवाच असतो. त्या दोघांचा हिस्सा मात्र ६० वरून ७० होतो. खोलीतील एक सोबती निघून गेला, की उरलेल्यांचे भाडे वाढते, तसेच हे आहे.

म्हणून मोजण्यापूर्वी प्रश्न निश्चित करावा लागतो. सर्व प्रोग्रॅम मिळून किती स्मृती वापरतात, हे जाणायचे असेल तर हिस्से मोजावेत. एक बंद केल्याने किती जागा सुटेल, हे हवे असेल तर केवळ त्याचा स्वतःचा भाग पाहावा. आकडा खरा असला, तरी तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे ठाऊक नसेल, तर निर्णय चुकतो.

शब्दार्थ
झोतभट्टी – लोहखनिज वितळवून लोखंड मिळवण्याची उंच भट्टी
सामायिक – अनेकांचे मिळून असलेले
विसंबणे – भरवसा ठेवणे

स्वाध्याय
१. तिघांची उत्तरे खरी असूनही बेरीज का चुकते, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.
२. दोन प्रोग्रॅमचा स्वतःचा भाग प्रत्येकी ३० आणि सामायिक भाग ५० मेगाबाइट असल्यास प्रत्येकाचा हिस्सा काढा.
३. सामायिक खर्चाचा आपल्या परिसरातील एक प्रसंग पाच वाक्यांत लिहा.