कॅसेटचे दशक आणि आमच्या घरातला पत्र्याचा डबा

(द्वितीय वर्ष कला)

१९८० ते १९९० हे दशक इतिहासाच्या तासाला शिकताना मी वहीत पुढील घटना उतरवून घेतल्या : १९८२ चा मुंबईतील गिरणी संप, १९८४ मधील इंदिरा गांधींची हत्या, १९८७ मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेले ‘रामायण’, १९९० चा मंडल आयोगाविषयीचा निर्णय. याच काळात कॅसेटचा प्रसार झाला, एवढी एक ओळ संगीताच्या वाट्याला आली. त्या ओळीविषयी थोडे अधिक लिहावे असे मला वाटते. आमच्या घरी पुस्तके नव्हती, पण कॅसेटनी भरलेला पत्र्याचा डबा होता.

कॅसेटपूर्वी गाणे ‘छापणे’ हे कारखानदाराचे काम होते. तबकडी निघे ती मुख्यतः कलकत्त्याजवळच्या डमडम येथील ग्रामोफोन कंपनीच्या कारखान्यात. कुत्र्याच्या चित्राच्या या एच. एम. व्ही. कंपनीची धंद्यात जवळजवळ मक्तेदारी होती. आकाशवाणीचे दार स्वरचाचणीतून उघडे. शिवाय १९५२ मध्ये मंत्री बा. वि. केसकर यांच्या काळात तेथून चित्रपटगीतेही हद्दपार झाली होती. मोजक्या लोकगायकांच्या तबकड्या निघत. बाकीचे गाणे माणसांच्या तोंडी आणि हस्तलिखित वह्यांत राही. भीमराव कर्डकांसारख्यांनी १९३० च्या सुमारापासून गावोगाव नेलेले आंबेडकरी जलसे, पुढे वामनदादा कर्डकांची गीते, हे सारे असेच पसरले.

फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली ती १९६३ मध्ये. आपल्याकडे ती घरोघर पोचायला दीड तप लागले. आखाती देशांत कामाला गेलेली माणसे टेपरेकॉर्डर घेऊन येऊ लागली, पुढे आयातीचे नियम सैल झाले आणि एका खोलीत बसून कॅसेटच्या प्रती काढता येऊ लागल्या. टी-सीरीजसारख्या नव्या कंपन्या जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेऊन स्वस्तात विकू लागल्या. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने या विषयावर १९९३ मध्ये इंग्रजीत ग्रंथ लिहिला आहे. त्याच्या मते त्या दशकाच्या मध्यापर्यंत ध्वनिमुद्रित संगीताचा सुमारे ९५ टक्के बाजार कॅसेटने व्यापला होता.

परंतु माझ्या अल्पमतीप्रमाणे खरा बदल किमतीत नव्हता. तो टेपरेकॉर्डरच्या तांबड्या बटणात होता. तबकडी फक्त ऐकता येई. कॅसेट ऐकताही येई आणि भरताही येई. ज्याला कोणी ध्वनिमुद्रणाला बोलावले नसते, तो स्वतःच्या अंगणात स्वतःचा आवाज धरून ठेवू शकला.

माझे आजोबा आमच्या वस्तीतील गायन पार्टीत गात. त्यांचे मेव्हणे मुंबईच्या गोदीत होते. त्यांनी एक जुना टेपरेकॉर्डर आणून दिला. १९८३ च्या १४ एप्रिलला गायन पार्टीचा कार्यक्रम त्यावर भरला गेला आणि ती कॅसेट पाहुण्यांच्या गावोगाव फिरली. त्या काळात मराठवाड्यात हे साधे काम नव्हते. विद्यापीठाला डॉ. बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर दलित वस्त्या जाळल्या गेल्या, आणि नाव प्रत्यक्ष लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. म्हणजे हे सगळे दशक त्या प्रतीक्षेतच गेले. आजी सांगते, ती दारातून म्हणायची, “अहो, आवाज बारीक करा की.” आजोबा टेप उंबऱ्यावर आणून ठेवायचे.

डब्यातील निम्म्या गाण्यांना हिंदी चित्रपटांच्या चाली आहेत. आपल्या काही प्राध्यापकांना हे उसनेपण खटकते. मला तसे वाटत नाही. ओळखीच्या चालीवरचे गाणे माणूस एका ऐकण्यात उचलतो, आणि ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत विचार न्यायचा होता. मात्र यंत्राला विचार नसतो, हेही मान्य केले पाहिजे. दशकाच्या शेवटी अयोध्येच्या प्रश्नावरील प्रक्षोभक भाषणे याच स्वस्त कॅसेटवरून गावोगाव पोचली.

आणखी एक गोष्ट डबा उपसताना ध्यानात आली. पुष्कळ वेष्टनांवर गायकाचे छायाचित्र आहे, कवीचे नाव नाही. पण वामनदादांचे गाणे लगेच ओळखू येते, कारण शेवटच्या कडव्यात ते ‘वामन’ ही आपली नाममुद्रा घालतात. तुकोबांच्या अभंगातील नाममुद्रा आम्ही मराठीच्या तासाला शिकलो. वेष्टनवाल्याने कवीला वगळले तरी गाण्यातून त्याला काढता येत नाही, हा तिचा उपयोग मला या डब्याने शिकवला.

आता आजोबांच्या त्या कॅसेटविषयी. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकच्या दोन लहान पट्ट्या असतात. त्या मोडल्या की रेकॉर्डचे बटण दाबलेच जात नाही. आजोबांनी त्या मोडून ठेवल्या होत्या. १९८८ मध्ये ‘कयामत से कयामत तक’ची गाणी सगळीकडे वाजू लागली. वडील तेव्हा नववीत होते आणि कोऱ्या कॅसेटला पैसे नव्हते. तालुक्याच्या गावी गाणी भरून देणाऱ्या दुकानदाराने त्या भोकांत कागदाचे बोळे कोंबले आणि दोन्ही बाजू भरून दिल्या. आजोबा काही बोलले नाहीत म्हणतात. पुढे त्यांचा आवाज कोणी पुन्हा भरला नाही, आणि माझ्या जन्मापूर्वीच ते वारले.

दुसऱ्या बाजूला शेवटचे चित्रपटगीत संपल्यावर थोडी फीत उरली आहे. तिथे ढोलकी ऐकू येते, आणि एका ओळीचा उत्तरार्ध. तेवढेच आजोबा मी ऐकले आहेत. वडिलांना ती जागा माहीत होती. मला दाखवली ती मी महाविद्यालयात आल्यावर.

दिवाळीच्या सुट्टीत मी उरलेल्या सगळ्या कॅसेट मोबाईलवर उतरवून घेतल्या. दोन कॅसेटची फीत चिकटली होती, त्या निघाल्या नाहीत. ज्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींच्या घरी असा डबा असेल त्यांनी मला जरूर भेटावे. टेपरेकॉर्डर मी दुरुस्त करून घेतला आहे, तो चालतो.