रॉचडेलचे विणकर आणि सहकाराचा धडा

सहकारी सोसायटी म्हणजे सरकारानें शेतकऱ्यांस कर्ज देण्यासाठीं काढलेली एक कचेरी, अशी समजूत आपल्यापैकीं पुष्कळांची असते. ही समजूत मुळांतच चुकीची आहे. ज्या नियमांवर आपल्या संस्था आजहि चालतात, त्यांतील बरेचसे नियम सरकारी दप्तरांत जन्मले नाहींत. ते गिरण्यांच्या धुरानें काळवंडलेल्या एका गांवीं अर्धपोटी विणकरांनीं घडविले. ते नियम कोणत्या अडचणींतून निघाले हें ध्यानांत आल्यावांचून ते कां पाळावयाचे हेंहि नीट कळत नाहीं. म्हणून त्या विणकरांची हकीकत वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

यंत्रांनीं आणलेलें संकट

रॉचडेल हा गांव इंग्लंडांत, त्या काळच्या लँकेशायर परगण्यांत, मँचेस्टरपासून सुमारें दहा मैलांवर आहे. लोकरी कापडाबद्दल त्याची पूर्वींपासून ख्याति होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत वाफेचे यंत्रमाग आले आणि हातमागावर पोट भरणाऱ्या विणकराची मजुरी उतरत चालली. मजुरीवाढीच्या खटपटी निष्फळ झाल्या. तशांत जी मजुरी मिळे तिचेंहि पुरतें मोल पदरांत पडत नसे. कांहीं मालक मजुरीबद्दल रोकड न देतां आपल्याच दुकानचा माल घेण्यास भाग पाडीत. या चालीस १८३१ सालच्या कायद्यानें बंदी केली, तरी ती एकाएकीं नाहींशी झाली नाहीं. बाहेरच्या दुकानांत उधारी चाले. आणि उधारीच्या गिऱ्हाइकास भाव, वजन वा मालाचा कस यांविषयीं बोलण्यास तोंड नसतें. पाव पांढरा दिसावा म्हणून पिठांत तुरटी मिसळीत, आणि एकदां उकळलेल्या चहाचीं पानें वाळवून पुनः विकीत. सावकाराच्या वहीचा अनुभव ज्यांनीं घेतला आहे, त्यांस ही दशा अधिक वर्णन करून सांगावयास नको.

दयेचा मार्ग आणि त्याची मर्यादा

या दुःखाकडे पाहून ज्यांचें मन द्रवलें त्यांत रॉबर्ट ओवेन हा प्रमुख होय. स्कॉटलंडांतील न्यू लॅनार्क येथील गिरणीची व्यवस्था १८०० सालीं त्याच्या हातीं आली. दहा वर्षांखालील मुलांस त्यानें कामावर घेण्याचें बंद केलें, त्यांच्यासाठीं शाळा काढली आणि कामगारांस चांगला माल माफक दरानें मिळेल असें दुकान चालविलें. इतकें करूनहि गिरणी नफ्यांत चालली. पुढें १८२५ सालीं अमेरिकेंत न्यू हार्मनी येथें त्यानें समाईक मालकीची वसाहत बसविली. ती मात्र थोड्याच वर्षांत मोडली. ओवेनचे विचार थोर होते यांत शंका नाहीं. पण त्याचे प्रयोग एका धनवानाच्या औदार्यावर उभे होते. दुसऱ्याच्या दयेवर उभें राहिलेलें कार्य त्याच्या हयातीपुरतें किंवा मर्जीपुरतेंच टिकतें.

अठ्ठावीस पौंडांचें दुकान

रॉचडेलच्या विणकरांनीं ओवेनचे विचार घेतले, पण पैसा आपला घातला. आठवड्यास दोन-तीन पेन्स बाजूस टाकून त्यांनीं २८ पौंड भांडवल जमविलें. टोड लेन या गल्लींत वर्षाला १० पौंड भाड्यानें एक जागा घेतली, आणि ता. २१ डिसेंबर १८४४ रोजीं, शनिवारीं सायंकाळीं, दुकानाचें दार उघडलें. आंत माल म्हणाल तर थोडें पीठ, लोणी, साखर, ओटाचें पीठ आणि मेणबत्त्या. गल्लींतील पोरें बाहेर उभीं राहून टवाळी करीत होतीं. आरंभीं दुकान आठवड्यांतून दोनच संध्याकाळीं उघडें असे.

पण १८४५ च्या अखेरीस सभासद ७४ झाले. १८५० सालीं ६००. आणि १८६० सालीं सभासद ३,४५० व भांडवल ३७,७१० पौंड झालें.

नियमांचें मर्म

या यशाचें बीज त्यांच्या नियमांत होतें. पहिला नियम, व्यवहार रोखीचा. याच गांवांत पूर्वीं निघालेलें एक सहकारी दुकान उधारीमुळें बुडालें होतें. तो धडा ते विसरले नाहींत. दुसरा, माल चोख व माप पुरतें. तिसरा, भाग कितीहि असोत, सभासदास मत एकच. चौथा, भांडवलास ठराविक मर्यादेंतच व्याज. पांचवा, उरलेला नफा ज्यानें जितकी खरेदी केली असेल त्या मानानें वांटावयाचा. सहावा, नफ्यांतून शिक्षणासाठीं शेंकडा अडीच काढून ठेवावयाचे. त्यांतून वाचनालय चाले.

पांचव्या नियमाचें मर्म उदाहरणानें पटेल. समजा, एका संस्थेनें वर्षांत एक लाख रुपयांचें खत विकलें आणि व्याज व निधि वजा जातां पांच हजार रुपये उरले. म्हणजे शंभर रुपयांच्या खरेदीस पांच रुपये परत येतात. सहा हजारांचें खत नेणाऱ्यास तीनशें रुपये मिळतील. ज्यानें हजार रुपयांचे भाग घेतले पण खरेदी कांहींच केली नाहीं, त्यास शेंकडा पांच दरानें पन्नास रुपये व्याजच मिळेल. यावरून दिसेल कीं, येथें नफा पैशाच्या मागें न जातां वापर करणाऱ्याच्या मागें जातो.

हातीं आलेली गिरणी कशी गेली

याच मंडळींपैकीं कांहींनीं १८५४ सालीं सहकारी कापडगिरणी काढली. भांडवलाचें व्याज देऊन उरणाऱ्या नफ्यांत मजुरांसहि वांटा द्यावा, असें ठरलें. गिरणी भरभराटली, आणि तेथेंच घात झाला. नफा पाहून बाहेरचे भागीदार शिरले. त्यांस गिरणींत काम करावयाचें नव्हतें, व सहकाराशीं कर्तव्यहि नव्हतें. त्यांची संख्या वाढली आणि १८६२ सालीं मतें घेऊन मजुरांचा वांटा त्यांनीं बंद केला. पाटी सहकाराची, कारभार सामान्य कंपनीचा, असें झालें. दुकान टिकलें, गिरणी गेली. कारण दुकानांत जो वापरणारा तोच धनी होता, गिरणींत धनी एक आणि राबणारा दुसरा झाला.

आपला संबंध

याच सुमारास अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें लँकेशायरला कापूस मिळेनासा झाला. गिरण्या बंद पडून तेथील मजूर उपाशी राहिले, आणि आपल्याकडील कापसास अपूर्व भाव आला. १८६५ सालीं युद्ध संपतांच तो भाव कोसळला. तेजींत सढळ हातानें मिळालेलीं कर्जें मात्र शेतकऱ्यांच्या माथीं राहिलीं. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें सावकारांविरुद्ध जो उठाव झाला त्याच्या कारणांत हेंहि एक होतें. पुढें १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. त्यानें जर्मनींतील रायफायझेन याच्या खेड्यांतील पतसंस्थांचा कित्ता घेतला, आणि १९१२ च्या कायद्यानें खरेदी-विक्री इत्यादि इतर संस्थांस वाट मोकळी केली. प्रवरानगरचा साखर कारखाना १९५० च्या सुमारास शेतकऱ्यांच्या मालकीनें चालूं लागला, तो याच वाटेनें.

सारांश, आपल्या संस्थेच्या वार्षिक सभेस जातांना प्रत्येक सभासदानें तीन प्रश्न मनाशीं विचारावे. उधारी कोणाची व किती थकली आहे? नफा वापर करणाऱ्यास मिळतो कीं नुसत्या भागधारकास? आणि नवे सभासद कोण, ते शेती करणारे कीं केवळ मतांपुरते? सभेस न जाणारा शेतकरी आपलें मत दुसऱ्याच्या हवालीं करीत असतो. रॉचडेलच्या विणकरांपाशीं जमीन नव्हती, विद्या बेताची होती; पण हिशेब ते डोळ्यांत तेल घालून पाहत. आपणांपाशीं जमीन आहे. हिशेब पाहण्याची तेवढी संवय लावून घेतली पाहिजे.