मोटारीच्या रंगाचे रक्षण

जबलपूर शहराचे वाहनांशी जुने नाते आहे. येथील गन कॅरेज फॅक्टरी १९०४ साली, तर वाहन निर्माणी १९६९ साली स्थापन झाली. शक्तिमान ट्रक आणि जोंगा या सैनिकी गाड्या याच शहरात तयार होत असत. ‘जोंगा’ या नावाच्या आरंभीचे अक्षर जबलपूरचेच आहे. सैनिकी गाडीचा रंग मुद्दाम निस्तेज ठेवतात, कारण चकाकी शत्रूला दुरून दिसते. खाजगी मोटारीचा रंग मात्र चकाकावा अशी आपली अपेक्षा असते. ही चकाकी कशावर अवलंबून असते आणि ती कशी टिकवावी, याचा येथे विचार करू.

आजच्या मोटारीच्या पत्र्यावर रंगाचे अनेक थर असतात. तळाशी गंजरोधक अस्तर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक लेप. सर्व थरांची जाडी मिळून साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यात पारदर्शक लेप ४० ते ५० मायक्रॉनांचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. हा लेप गुळगुळीत असला म्हणजे प्रकाशकिरण एकाच दिशेने परावर्तित होतात व पृष्ठभाग आरशासारखा दिसतो. तो खडबडीत झाला की किरण विखुरतात आणि रंग मळकट भासतो. घासून गेलेला लेप पुन्हा वाढत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

धूळ पाण्याने निघून जाते. परंतु काही कण लेपात रुतून बसतात. ब्रेक लावताना झिजणारे लोखंड आणि लोहमार्गाजवळ उडणारा लोहकीस हे त्यांतील प्रमुख होत. ओलाव्यात असे कण गंजतात, फुगतात आणि पांढऱ्या गाडीवर तपकिरी ठिपके उमटवतात. झाडांचा चीक व रंगाचे उडालेले तुषारही असेच चिकटून राहतात. गाडी धुऊन झाल्यावर हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून पृष्ठभागावरून हलकेच बोटे फिरवावीत. खरखर जाणवली, तर असे कण शिल्लक आहेत असे समजावे.

ते काढण्यासाठी जी ‘माती’ वापरतात, ती शेतातील माती नव्हे. ती कणकेसारखी मळता येणारी कृत्रिम राळ असून तिच्यात अतिसूक्ष्म घर्षक कण मिसळलेले असतात. जपानमधील तादाओ कोदाते यांना अशा पदार्थाबद्दल १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत पेटंटे मिळाली. या मातीचे कार्य सोपे आहे. ती मऊ असल्यामुळे सपाट भागावरून घसरत जाते. वर डोकावणारा कण मात्र तिच्यात अडकतो आणि उपटला जातो.

रीत अशी. गाडी सावलीत उभी करून स्वच्छ धुवावी. सुमारे दीड फूट चौरस भागावर वंगण म्हणून साबणाचे पातळ पाणी शिंपडावे. मातीची चपटी वडी करून ती दाब न देता सरळ रेषेत पुढेमागे फिरवावी. वडी मळकी दिसताच ती घडी घालून मळावी व नवी बाजू वर आणावी. वडी जमिनीवर पडली, तर ती निःसंकोच टाकून द्यावी. तिला चिकटलेला वाळूचा एक कण संपूर्ण दरवाजावर ओरखडे पाडू शकतो. निस्तेज रंगाच्या गाडीवर हा प्रयोग करू नये, कारण घर्षणाने तेथे चकचकीत डाग पडतात.

मातीने पृष्ठभाग स्वच्छ होतो, तसा उघडाही पडतो. म्हणून त्यावर संरक्षक लेप द्यावा लागतो. ब्राझीलमधील ताडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण काही आठवडे टिकते. कृत्रिम बहुवारिकांचा लेप काही महिने. आणि सिलिकायुक्त लेप, योग्य रीतीने लावल्यास, वर्ष-दोन वर्षे. अशा पृष्ठभागाला पाणी सहजासहजी चिकटत नाही. त्याचे गोल थेंब बनून ते मळासह ओघळून जाते.

तथापि या लेपांकडून अवास्तव अपेक्षा करू नये. उडालेला खडा किंवा खोल ओरखडा त्यांना अडवता येत नाही. पत्र्यापर्यंत गेलेला ओरखडा रंगानेच बुजवला पाहिजे, एरवी गंज आत पसरतो. पक्ष्यांची विष्ठाही लेपाला इजा करते. उन्हाने रंग तापून प्रसरण पावतो, विष्ठा त्यावर कडक वाळते आणि संध्याकाळी आकुंचन होताना तेथे कायमचा खळगा पडतो. ती दिसताच भिजवून पुसून घ्यावी. कोरड्या फडक्याने धूळ झटकण्याची सवय तर सर्वांत घातक. रोजच्या रोज ती पारदर्शक लेप खरवडत असते.

जबलपूरसारख्या ठिकाणी मे महिन्याचे ऊन आणि त्यामागोमाग जून ते सप्टेंबरचा पाऊस, या दोहोंना रंगाला तोंड द्यावे लागते. म्हणून उन्हाळ्यापूर्वी एकदा लेप द्यावा आणि पावसाळा सरताच, दसऱ्याला गाडीची पूजा करण्याआधी, पृष्ठभाग पुन्हा तपासावा. मातीचा वापर मात्र खरखर जाणवेल तेव्हाच करावा. रंगाची खरी निगा वारंवार घासण्यात नसून, घासण्याची वेळच कमी येईल अशी काळजी घेण्यात आहे.