अंगणात उभी राहिलेली फियाट

प्रश्न : २०२०च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही दोघा भावांनी आजोबांची १९७२ची फियाट खोलली, पण काम अर्धवट राहिलं. आता सुरू कशी करावी?
– एक वाचक, धुळे

उत्तर : बॅटरी जोडून लगेच स्टार्टर मारू नका. आधी चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर मुरू द्या. मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हातानं फिरवा. अडलं तर जोर करू नका. चिकटलेल्या पिस्टन रिंगा मोडतात. पुन्हा तेल सोडा, थांबा.

टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा. खानदेशच्या उन्हात रबर तडकतं, त्यात हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये जुने पाइप टिकत नाहीत. ते नवेच घाला. ब्रेकचे रबर आणि ब्रेक ऑइल बदलल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर काढायची नाही. इथं काटकसर नकोच.

कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी आता पन्नाशीपुढची आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार मूळ रूपातल्या अशा गाडीची ‘व्हीए’ मालिकेत विंटेज नोंदणी होते. म्हणून काढलेला एकही मूळ भाग भंगारात देऊ नका. मात्र ही नोंदणी घेतल्यावर गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. नोंदणी घ्यायची का, ते आधी ठरवा.